कडी आतल्या बाजूला

आमच्या बदलापूरच्या घराला पुढचे दार आहे, तसेच मागचेही आहे. पुढच्या दाराने पाहुणे येतात, लग्नपत्रिका येतात, विजेचे बिल येते. माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आम्हा सर्वांच्या माईंचा, दिवस मात्र मागच्या दारानेच सुरू होत असे. सकाळचा चहा घेऊन त्या परसात जात. धुण्याच्या दगडाशेजारी त्यांची वेताची खुर्ची ठरलेली. तिथे बसून वाल सोलायचे, प्राजक्ताची फुले परडीत भरायची, अळवाच्या पानांवरचे पाणी पाहायचे आणि शेजारच्या दोन इमारतींच्या फटीतून दिसणारा चंदेरीचा सुळका आज ढगात आहे की मोकळा, हे घरात येऊन सांगायचे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता.

हे घर माझ्या सासऱ्यांनी बांधले. ते अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. नोकरीची बरीच वर्षे तिथल्या वसाहतीत काढल्यावर त्यांनी बदलापुरात जागा घेतली, ती केवळ माईंना परस हवा होता म्हणून. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीला महापूर आला, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी होते. त्यानंतर आम्ही घराचे जोते उंच करून घेतले. त्या उंचीपायी मागच्या दाराशी तीन पायऱ्या आल्या. तेव्हा माई साठीच्या पुढे होत्या, पण पायऱ्यांचे त्यांना काही वाटले नाही. पुढे हाच उंबरठा आणि याच पायऱ्या आमच्या घरातल्या मोठ्या प्रश्नाचा भाग होतील, हे तेव्हा कोणाच्या मनात येणार?

तीन वर्षांपूर्वीच्या आश्विनात माईंना डेंग्यू झाला. पहिले तीन दिवस सणसणीत ताप, डोळ्यांमागे ठणका आणि अंग मोडून आल्यासारखी वेदना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले आणि एक ताकीद दिली: तापासाठी पॅरासिटामॉल तेवढे द्यायचे, अंगदुखी थांबावी म्हणून घरातली दुसरी कोणतीही वेदनाशामक गोळी, विशेषतः अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन, द्यायची नाही, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. माई हृदयासाठी रोज कोणत्या गोळ्या घेतात, याचीही त्यांनी आठवणीने चौकशी केली.

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही निश्चिंत झालो. चूक झाली ती इथे. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचा एक-दोन दिवसांचा काळच सर्वांत नाजूक असतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो, रक्तदाब घसरतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे, लघवी कमी होणे, विलक्षण ग्लानी ही त्याची लक्षणे. वृद्ध माणसाला मुळात तहान कमी लागते. त्यामुळे शरीरातले पाणी कमी होत आहे, हे त्यालाही कळत नाही आणि घरच्यांनाही नाही. माई नुसत्या झोपून होत्या. ‘थकल्या असतील, झोपू द्या,’ असे मीच म्हणाले. संध्याकाळी त्यांना उठवायला गेले, तेव्हा त्यांचे हात थंडगार लागले. रात्री रुग्णालयात दाखल केले. सहा दिवसांनी त्या घरी आल्या, पण गेल्या होत्या त्या माई परत आल्या नाहीत. चालताना भिंत धरणाऱ्या, दोन घासांनंतर ताट सरकवणाऱ्या कोणी वेगळ्याच बाई आमच्या घरी आल्या होत्या.

त्याच दिवशी मी मागचे दार बंद केले. नुसते बंद केले नाही. वरच्या बाजूला एक नवी कडी लावून घेतली, माईंचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे असतात. एकदा डेंग्यू झाला की त्या एका प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार अधिक गंभीर होण्याची शक्यता वाढते, हे डॉक्टरांनी सांगितले होते. ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले होते. माईंची पुन्हा तशी अवस्था पाहण्याची माझी तयारी नव्हती. मी स्वतः साठी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे. रात्री दोनदा उठून त्यांच्या कपाळावर हात ठेवून पाहणारी. त्या कडीने मला झोप येऊ लागली, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

मला झोप आली, पण माईंची गेली. दिवसभर खोलीत बसल्याने त्या दुपारी पेंगत आणि रात्री टक्क जाग्या राहत. वाल सोलणे सुटले, फुले सुटली. जेवणाची वेळ झाली की ‘भूक कुठून लागणार?’ एवढेच म्हणत. पौषात त्यांना तपासायला नेले, तेव्हा डॉक्टरांनी रक्ताचे अहवाल बाजूला ठेवले आणि विचारले, “काकू, आजी दिवसभरात किती चालतात?” पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, असे मी सांगितले. ते म्हणाले, “या वयात अंथरुणावरचा एकेक दिवस स्नायूंची ताकद घेऊन जातो, आणि ती परत मिळवायला कितीतरी अधिक दिवस लागतात. यांना उजेडात, हवेत बसवा. चालायला काहीतरी कारण द्या.”

परतताना रिक्षात माई गप्प होत्या. घरी आल्यावर मागच्या दाराकडे पाहत, आवाज न चढवता म्हणाल्या, “अगं, चावला डास. कोंडलंस मला.”

त्या वाक्यावर मला राग आला. इतके सगळे करून हेच ऐकायचे का, असे वाटले. रात्री मात्र विचार करताना जाणवले की मी ज्याला काळजी म्हणत होते, त्यात माईंच्या जिवाइतकीच माझ्या भीतीचीही सोय होती. दार उघडे ठेवले तर डास, बंद ठेवले तर हळूहळू विझत जाणे. या दोहोंच्या मधली वाट शोधायला हवी होती. जेवताना मी यजमानांना म्हटले, “दार उघडं ठेवायचं असेल, तर परसालाच जाळी लावली तर?”

जाळी ही काही नवी युक्ती नव्हे. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले, हे आपण शाळेत वाचलेले असते. त्यानंतरची एक गोष्ट तितकीशी परिचित नाही. डासांपासून बचाव केला तर हिवताप टळतो, हे प्रत्यक्ष राहून दाखवण्यासाठी १९०० साली डॉ. साम्बोन आणि डॉ. लो हे दोघे रोमजवळच्या दलदलीच्या, हिवतापाने ग्रासलेल्या प्रदेशात एका लाकडी झोपडीत राहायला गेले. झोपडीच्या दारा-खिडक्यांना बारीक जाळी होती. दिवसा ते बाहेर हिंडत, तिथलीच हवा घेत. मात्र सूर्य मावळण्यापूर्वी आत येत आणि उजाडेपर्यंत आतच राहत. प्रतिबंधक म्हणून त्यांनी क्विनाईनही घेतले नाही. आजूबाजूची माणसे तापाने फणफणत असताना ते दोघे हिवतापाच्या साऱ्या मोसमात निरोगी राहिले.

ही गोष्ट मला धीर देणारी वाटली, पण तिच्यात एक फरकही ध्यानात घ्यावा लागतो. हिवतापाचा डास मुख्यतः रात्री चावतो. डेंग्यू पसरवणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डास दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यानंतरचे काही तास आणि दिवस मावळण्यापूर्वीची वेळ त्याला अधिक प्रिय. म्हणजे माईंची परसात बसण्याची जी वेळ, नेमकी तीच त्याची! रात्री पलंगाला मच्छरदाणी बांधून आम्ही निश्चिंत होत होतो, पण या डासाचा बंदोबस्त करायचा तर जाळी दिवसाच्या बैठकीला हवी होती.

मग मोजमापे सुरू झाली. मागच्या दारापुढची बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद जागा, जिच्यावर आधीपासून पत्रा होता, तेवढीच तिन्ही बाजूंनी जाळीने बंदिस्त करायची असे ठरले. तुळस, प्राजक्त आणि अळू जाळीबाहेर राहणार होते. यजमान आणि मी उल्हासनगरच्या बाजारात दोन फेऱ्या मारल्या. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी छावणीतून उभे केलेले हे शहर. घर सजवायचे किंवा दुरुस्त करायचे म्हटले की आमच्या भागातली माणसे अजूनही आधी तिकडेच वळतात. तिथल्या दुकानात जाळीचे इतके प्रकार पाहिले की गोंधळून गेले. अनुभवातून जे कळले, ते सांगते.

डास अडवायला इंचाला सोळा छिद्रे असलेली जाळी पुरते, छिद्र १.२ मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे. फार बारीक जाळी घेतली तर वारा अडतो आणि आत उकडते. काचतंतूंची जाळी स्वस्त आणि मऊ असते, पण मांजराच्या नखांनी फाटते. स्टेनलेस स्टीलची महाग पडते, परंतु आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात गंजत नाही. आम्ही कमरेपर्यंत स्टीलची आणि वर काचतंतूंची, अशी विभागणी केली. रंग काळसर घेतला. पांढऱ्या जाळीवर ऊन चमकते आणि पलीकडचे नीट दिसत नाही. माईंना चंदेरी दिसायला हवी होती. बदलापूरचा एप्रिल-मे कसा असतो, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पारा सहज चाळिशी ओलांडतो. म्हणून पत्र्याखाली बांबूची चटई ठोकली, पश्चिमेला गुंडाळता येणारा पडदा लावला आणि छताला पंखा बसवला. पंख्याच्या वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही, हा त्याचा आणखी एक लाभ.

डासांइतकीच मला पडण्याची भीती होती. म्हणून जाळीच्या आतली जागा आम्ही घराच्या जमिनीइतकी उंच करून घेतली. घरातून तिथे जाताना आता पायरीच नाही. जुना दगडी उंबरठा काढताना माईंना वाईट वाटले. दर दिवाळीला त्यांनी त्यावर रांगोळी काढलेली. तो दगड आम्ही तुळशीपाशी बसवला. गुळगुळीत लादीऐवजी खरबरीत फरशी, भिंतीला धरायला दांडा, पाणी वाहून जाण्यापुरता हलका उतार आणि हाताशी दिव्याचे बटण, एवढे केले. बाहेर उतरायच्या तीन पायऱ्या आता जाळीच्या दारापलीकडे गेल्या. त्यांची उंची कमी करून घेतली, तेव्हा तिनाच्या चार झाल्या, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी कठडा लावला. सारा खर्च माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनापेक्षा अधिक, पण दोन महिन्यांच्या वेतनाहून कमी झाला. सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी असे काही करण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी आणि नगरपालिकेच्या नियमांचीही चौकशी करावी, हे बरे.

चौकटी अंबरनाथच्या एका कारागिराने बनवल्या. माणूस कामाला चोख, पण दोन गोष्टी चुकल्या, आणि त्या चुकण्यात माझाही वाटा होता, कारण मी त्याला काही सांगितलेच नव्हते. एक म्हणजे, दाराच्या चौकटीला खाली दोन इंचांची पट्टी आली होती. पहिल्याच दिवशी माईंचा पाय तिला अडला. दांडा हाताशी होता म्हणून त्या सावरल्या. ती पट्टी काढून दाराच्या तळाशी ब्रशची झालर लावली. डासही अडले आणि पायही मोकळा झाला.

दुसरी चूक माईंनी दाखवली. त्या वेताच्या खुर्चीत बसल्या, चहूकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि म्हणाल्या, “कडी बाहेरून आहे. म्हणजे मी आत बसले की दार कुणाच्या हातात?”

कारागीर हसून म्हणाला, “आजी, तुम्हाला कशाला उठायला लागतंय? ताई उघडतील ना!”

“ताई उघडते म्हणूनच विचारते,” माई म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. घराच्या मागच्या दारावर उंच लावलेली माझी ती कडी अजून तशीच होती. इतके पैसे खर्चून, इतकी धावपळ करून मी माईंसाठी एक हवेशीर, प्रकाशाची, डासांविना अशी जागा केली होती. पण ती कधी उघडायची आणि कधी मिटायची, हे मी माझ्याच हातात ठेवले होते. मग खोलीत आणि तिथे फरक तो काय? त्याच संध्याकाळी कारागिराकडून जाळीच्या दाराला कमरेच्या उंचीवर, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडेल अशी साधी खिट्टी बसवून घेतली. सांधेदुखीच्या बोटांनीही ढकलता येईल इतकी ती हलकी आहे. दार आपोआप मिटावे म्हणून स्प्रिंगची बिजागरी लावली. मात्र ते अंगावर आदळू नये म्हणून तिचा ताण कमी ठेवला. आणि आतल्या दाराची वरची कडी यजमानांनी पेचकस घेऊन काढून टाकली. तिच्या खिळ्यांची भोके अजून दिसतात. मी ती मुद्दाम बुजवलेली नाहीत.

ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाने भटकणारे माणूस आहे, त्यांची परिस्थिती वेगळी आहे, हे मी जाणते. तिथे डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा लागतो, आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण ज्यांचे मन शाबूत आहे, त्या वृद्धांच्या सुरक्षिततेसाठी आपण जे काही करतो, ते त्यांना उघडता येते का, एवढा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा असे मला वाटते.

जाळी लावली म्हणून बाकीची कामे सुटत नाहीत, हेही सांगायला हवे. आमच्याकडे पाणी ठरावीक वेळी येते. त्यामुळे घरोघरी पिंपे भरलेली असतात. एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. आमच्याकडे तो शनिवारी असतो. पिंप रिकामे करून आतून घासायचे, कारण अंडी काठाला चिकटून राहतात आणि पाणी नसले तरी कित्येक महिने टिकतात. फ्रिजमागची ताटली, कुंड्यांखालच्या बशा, पत्र्याची पन्हळ, परसात पडलेल्या नारळाच्या करवंट्या, सारे पाहायचे. पहिल्याच शनिवारी आमच्या धुण्याच्या दगडामागे एक जुनी बादली सापडली. तिच्या तळाशी वळवळणाऱ्या अळ्या होत्या. माईंना चावलेला डास नदीकाठाहून आला, गटारातून आला, शेजाऱ्यांकडून आला, असे मी इतके दिवस म्हणत होते. तो बहुधा आमच्याच घरचा होता.

आता शनिवारची तपासणी माईंच्याच देखरेखीखाली होते. हातात काठी घेऊन त्या एकेक कुंडी दाखवतात आणि मी बशी उपडी करते. डॉक्टरांनी चालायला कारण द्या म्हटले होते, ते असे मिळाले. सकाळचा चहा जाळीत होतो. वाल पुन्हा सोलले जातात. दुपारची झोप कमी झाली, रात्रीची थोडी वाढली. माई पूर्वीसारख्या झाल्या असे मी म्हणणार नाही. चौऱ्यांशीव्या वर्षी कोणी पूर्वीसारखे होत नाही. अधूनमधून त्या दार उघडून, कठडा धरून, एकट्या चार पायऱ्या उतरतात आणि तुळशीला पाणी घालून येतात. मी स्वयंपाकघरातून पाहते. काळजात धस्स होते. पण धावत जात नाही. अंगभर बाह्यांचे पोलके आणि पायांना लावलेले डास पळवणारे मलम, एवढी अट त्यांनी मान्य केली आहे.

परवा संध्याकाळी मी घाईने कपडे काढायला बाहेर गेले आणि दार नीट मिटायचे राहिले. मागून माईंचा खणखणीत आवाज आला, “अगं, खिट्टी लाव ती! डास येतील ना आत!”

मी वळून खिट्टी लावली.